संगणक जुळणीतील सुट्या भागांची सुसंगतता

संगणक जुळणीतील सुट्या भागांची सुसंगतता म्हणजे डेस्कटॉप संगणकासाठी निरनिराळ्या उत्पादकांकडून घेतलेले सुटे भाग एकमेकांना जोडता येणे, जोडल्यावर ते सुरू होणे आणि आपापल्या पूर्ण क्षमतेने चालणे होय. तयार संगणकात हा मेळ बसविण्याची जबाबदारी उत्पादकाची असते. दुकानातून भाग निवडून जुळणी केलेल्या, म्हणजे बोलीभाषेत ‘असेंबल’ केलेल्या संगणकात ती ग्राहकावर किंवा त्याला सल्ला देणाऱ्या दुकानदारावर येते. खर्चाची मर्यादा कमी असेल तेव्हा या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. महागड्या भागांत बहुतेक सोयी गृहीत धरता येतात; स्वस्त भागांत किंमत कमी करण्यासाठी कोणती ना कोणती सोय वगळलेली असते आणि ती कोणती हे खोक्यावर ठळकपणे छापलेले नसते. शिवाय उघडलेला प्रोसेसर किंवा मदरबोर्ड दुकानदार सहसा परत घेत नाही. त्यामुळे बेताच्या पैशांत एक भाग चुकला तर ती रक्कम दुसऱ्या एखाद्या आवश्यक भागातूनच काढावी लागते.

पार्श्वभूमी

सुट्या भागांपासून संगणक उभा करण्याची प्रथा आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकानंतर रूढ झाली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी सादर झालेला हा संगणक (मॉडेल ५१५०) कंपनीने बहुतांशी बाजारात उपलब्ध असलेले भाग वापरून बनविला होता व त्याची तांत्रिक माहिती आकृत्यांसह प्रसिद्ध केली होती. बायोस ही मूलभूत आज्ञावली तेवढी कंपनीच्या मालकीची होती. कॉम्पॅक या कंपनीने तिच्यासारखेच काम करणारी आज्ञावली स्वतंत्रपणे लिहून १९८२ मध्ये आयबीएमशी सुसंगत संगणक जाहीर केला. पुढे असे संगणक बनविणाऱ्या अनेक कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांना भाग पुरविणारा मोठा बाजार तयार झाला.

१९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे मानक आणले. मदरबोर्डचे माप, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा, मागील जोडण्यांची चौकट आणि विद्युतपुरवठ्याचा जोड या गोष्टी त्याने ठरवून दिल्या. आज एका कंपनीचे कॅबिनेट, दुसरीचा मदरबोर्ड व तिसरीचा एसएमपीएस निर्धास्तपणे एकत्र घेता येतो, तो या मानकामुळे. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र प्रवास उलट दिशेने झाला. ‘सॉकेट ७’ प्रकारच्या मदरबोर्डवर इंटेल, एएमडी व सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर चालत असत. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी स्वतःचा निराळा ‘स्लॉट १’ वापरला, १९९९ मध्ये एएमडीने ‘स्लॉट ए’ आणला, आणि तेव्हापासून दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरांना वेगवेगळे मदरबोर्ड लागतात.

भारतात मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) आणि दिल्लीचे नेहरू प्लेस हे सुट्या भागांचे प्रसिद्ध बाजार आहेत. आता ही खरेदी मोठ्या प्रमाणावर आंतरजालावरूनही होते. प्रत्यक्ष दुकानात भाग लावून दाखवून घेता येतो. घरपोच मागविलेल्या भागांची सुसंगतता आधी कागदावरच तपासावी लागते.

बसणे, सुरू होणे आणि पुरेपूर चालणे

‘हा भाग याला चालेल का?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. पहिला, तो भाग त्या खाचेत अथवा जागेत बसतो का. दुसरा, बसल्यावर संगणक त्याला ओळखून सुरू होतो का. तिसरा, सुरू झाल्यावर तो भाग ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम पूर्ण करतो का. पहिल्या पायरीवरची चूक लगेच कळते, कारण भाग बसतच नाही. दुसरीवरची चूक संगणक चालू करताना कळते. तिसऱ्या पायरीवरची चूक कित्येकदा कधीच कळत नाही. संगणक चालत असतो, फक्त त्याची काही क्षमता वाया जात असते. कमी खर्चाच्या जुळणीत सर्वाधिक नुकसान या तिसऱ्या प्रकाराने होते.

सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ प्रकारची डीडीआर४ रॅम हे दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. जुन्या बाजारात ती स्वस्त मिळते, घरगुती मदरबोर्डच्या खाचेत व्यवस्थित बसते, पण सामान्य डेस्कटॉप प्रोसेसर तिच्यासह सुरूच होत नाहीत.

प्रोसेसर व मदरबोर्ड

जुळणीचा कणा हीच जोडी होय. प्रोसेसर ज्या जागी बसतो त्या सॉकेटचे नाव दोन्ही भागांवर एकच असावे लागते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांसाठी एलजीए १७०० (२०२१ पासून), त्याआधीच्या दहाव्या व अकराव्या पिढीसाठी एलजीए १२०० (२०२० पासून), तर एएमडीच्या रायझन मालिकेसाठी एएम४ व २०२२ पासून एएम५ ही सॉकेटे वापरली जातात. इंटेलच्या सॉकेटच्या नावातील आकडा संपर्कबिंदूंची संख्या दर्शवितो.

सॉकेटचे नाव जुळले म्हणजे काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. तो पुष्कळांना महागात पडलेला आहे. इंटेलचे एलजीए ११५१ हे सॉकेट २०१५ मध्ये सहाव्या पिढीसाठी आले. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेले आठव्या पिढीचे प्रोसेसरही त्याच नावाच्या सॉकेटमध्ये बसत, परंतु त्यांना ३०० मालिकेचा चिपसेट असलेले नवे मदरबोर्ड लागत. १०० व २०० मालिकेच्या बोर्डांवर ते अधिकृतपणे चालत नसत. एलजीए १२०० च्या वेळी हाच प्रसंग स्वस्त बोर्डांवर आला. अकराव्या पिढीचे प्रोसेसर एच४७० व झेड४९० या चिपसेटांच्या बोर्डांवर चालत होते, पण त्याच काळात विकल्या गेलेल्या एच४१० व बी४६० चिपसेटांना इंटेलने ती मुभा दिली नाही. हे दोन्ही चिपसेट नेमके कमी किमतीच्या बोर्डांवरचे होते. म्हणजे ज्याने पैसे वाचविले त्याचीच पुढची वाट बंद झाली.

एएम४ या सॉकेटचा इतिहास अधिक उदार आहे, तरी सरळ नाही. २०१६ मध्ये आलेल्या या सॉकेटसाठी एएमडीने २०२४ मध्येही नवे प्रोसेसर बाजारात आणले. इतक्या दीर्घ आयुष्यामुळे आरंभीच्या काळातील बोर्डाला कित्येक वर्षांनंतरचा प्रोसेसर बसविणे शक्य झाले. मात्र नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी बोर्डवरील बायोसची आवृत्ती नवी असावी लागते, आणि बायोस बदलण्यासाठी बहुतेक बोर्डांवर चालणारा प्रोसेसर आधीच बसविलेला असावा लागतो. २०१८ च्या फेब्रुवारीत रायझन ३ २२००जी व रायझन ५ २४००जी हे प्रोसेसर आले तेव्हा दुकानांतील पुष्कळ बोर्डांवर जुनीच बायोस होती. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि तरी संगणक सुरू होईना, अशा अडचणीत सापडलेल्या ग्राहकांना बायोस बदलण्यापुरता एक साधा प्रोसेसर तात्पुरता पाठविण्याची सोय एएमडीला करावी लागली. पुढे २०२० च्या मे महिन्यात, येऊ घातलेले रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत, असे कंपनीने सांगितले. बायोस साठविणाऱ्या चिपमधील अपुरी जागा हे एक कारण देण्यात आले होते. वापरकर्त्यांच्या नाराजीनंतर थोड्याच दिवसांत हा निर्णय मागे घेतला गेला. जागेचा प्रश्न मात्र खरा होता. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून अगदी जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकावा लागला.

यावर उपाय दोन. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येते. अशा बोर्डसाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्य ठरते. अन्यथा बोर्ड घेतानाच दुकानदाराकडून बायोस बदलून घ्यावी. प्रत्येक बोर्डच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या बोर्डला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकापुढे लागणारी किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. खोक्यावरील मजकूर, विक्रेत्याचे तोंडी आश्वासन किंवा चलच्चित्रातील सल्ला यांपेक्षा ही यादी प्रमाण मानावी.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असलेले अक्षरही दुर्लक्षिण्यासारखे नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असते (उदा. कोअर आय५-१२४००एफ) त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरांत याच्या उलट रीत आहे. तेथे ‘जी’ हे अक्षर असेल तरच अंगभूत ग्राफिक्स असते. रायझन ५ ५६००जी मध्ये ते आहे, रायझन ५ ५६०० मध्ये नाही. मदरबोर्डवर एचडीएमआयची जोडणी आहे एवढ्यावरून पडद्यावर चित्र येईल असे मानता येत नाही, कारण ती जोडणी प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर अवलंबून असते. थोडी बचत म्हणून ‘एफ’ प्रोसेसर घ्यायचा आणि ग्राफिक्स कार्ड ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलायचे, ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. मधल्या काळात तो संगणक काळा पडदा दाखवीत बसतो.

रॅम

रॅमच्या पिढ्या परस्परांत बदलता येत नाहीत. डीडीआर३ च्या पट्टीला २४० संपर्क असतात. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्हींना २८८ असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. विद्युतदाबही वेगळा असतो: डीडीआर४ साठी १.२ व्होल्ट, डीडीआर५ साठी १.१ व्होल्ट. एएम४ वर डीडीआर४ व एएम५ वर केवळ डीडीआर५ चालते. एलजीए १७०० चे प्रोसेसर दोन्ही प्रकार वापरू शकतात, परंतु एका मदरबोर्डवर साधारणतः एकाच प्रकाराच्या खाचा असतात. म्हणून तेथे रॅमची निवड वस्तुतः बोर्ड घेतानाच होऊन जाते. घरात आधीच्या संगणकातील चांगली डीडीआर४ पडून असेल तर डीडीआर४ चा बोर्ड घेणे शहाणपणाचे असते. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्यावर हा विचार अधिकच व्यवहार्य ठरला.

सोळा जीबीची एक पट्टी आणि आठ जीबीच्या दोन पट्ट्या यांची धारणक्षमता सारखी असली तरी परिणाम सारखा नसतो. दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्यास प्रोसेसर दोन मार्गांनी एकाच वेळी रॅमशी बोलतो. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची रॅम नसल्याने त्याच्यावर याचा परिणाम सर्वाधिक होतो. चार खाचांच्या बोर्डवर सहसा प्रोसेसरपासून दुसरी व चौथी खाच वापरतात. बोर्डच्या माहितीपुस्तिकेत ते दिलेले असते. पुढे रॅम वाढवायची असल्यास निराळ्या कंपनीची पट्टी चालेलच अशी खात्री नसते. म्हणून शक्य तर जोडीचा एकच संच घ्यावा.

पट्टीवर छापलेला वेग आपोआप मिळत नाही. ३६०० वेगाची डीडीआर४ पट्टी प्रथम सुरू करताना २१३३ किंवा २६६६ अशा सावध वेगाने चालते. बायोसमध्ये जाऊन ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ नावाची मांडणी चालू करावी लागते. इंटेलच्या एच६१० सारख्या चिपसेटवर प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपुढे रॅमचा वेग नेताच येत नाही. अशा बोर्डवर जलद रॅमसाठी जादा पैसे देणे व्यर्थ होय.

ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्ड ज्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसते तिच्या निरनिराळ्या पिढ्या परस्परांशी चालतात, हा या क्षेत्रातील मोठा दिलासा आहे. जुन्या बोर्डवर नवे कार्ड आणि नव्या बोर्डवर जुने कार्ड, दोन्ही शक्य आहे. पण ‘चालते’ आणि ‘पुरेपूर चालते’ यांतील अंतर येथेच उत्तम दिसते.

जानेवारी २०२२ मध्ये एएमडीने रेडिऑन आरएक्स ६५००एक्सटी हे कमी किमतीचे कार्ड आणले. त्याची खाच लांबीला पूर्ण असली तरी प्रत्यक्षात माहितीची ये-जा करणाऱ्या मार्गिका सोळाऐवजी चारच होत्या. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवर चार मार्गिका बऱ्यापैकी पुरतात. तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर मात्र प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा होतो, आणि कार्डाची चार जीबी स्मृती अपुरी पडू लागताच खेळांचा वेग लक्षणीय घटतो. आता हे कार्ड कोण घेणार? ज्याचा संगणक जुना आहे व हात आखडता आहे तो. म्हणजे ज्या ग्राहकासाठी ते बनविले असे वाटावे, त्याच्याकडेच ते सर्वांत मंद चालते. येथे बोर्डप्रमाणे प्रोसेसरही पाहावा लागतो: बी५५० बोर्डवर चौथी पिढी उपलब्ध असली तरी रायझन ५ ५६००जी व रायझन ५ ५५०० हे प्रोसेसर तिसऱ्या पिढीपर्यंतच जातात, आणि खाचेचा वेग त्या दोहोंतील कमी क्षमतेच्या भागावर ठरतो.

कार्डाला लागणारी वीज ही दुसरी बाब. खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढील गरजेसाठी एसएमपीएसमधून सहा पिनांची (७५ वॉट) किंवा आठ पिनांची (१५० वॉट) वेगळी तार जोडावी लागते. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५० ची गरज ७५ वॉट असल्याने त्याची अनेक मॉडेले वेगळ्या तारेवाचून चालतात, आणि म्हणूनच जुन्या कार्यालयीन संगणकांत ते कार्ड वर्षानुवर्षे लोकप्रिय राहिले.

एसएमपीएस

विद्युतपुरवठा करणारा हा डबा खर्च कमी करताना सर्वांत आधी कात्रीखाली येतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला एसएमपीएस तसाच वापरण्याची पद्धतही सर्रास आहे. वास्तविक इतर भाग बिघडला तर तो एकटाच बिघडतो. निकृष्ट एसएमपीएस जाताना सोबत मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क नेऊ शकतो.

डब्यावर छापलेला वॉटचा मोठा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. आधुनिक संगणकात प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे मुख्य ग्राहक १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. म्हणून डब्याच्या बाजूवरील तक्त्यात १२ व्होल्टसाठी किती अँपिअर दिले आहेत ते पाहावे. ‘४५० वॉट’ असे लिहिलेल्या डब्यावर त्या वाहिनीला २५ अँपिअर असतील, तर उपयोगाची शक्ती १२ × २५ म्हणजे ३०० वॉटच होय. ‘८० प्लस’ हे चिन्ह कार्यक्षमतेचे आहे. वीज किती कमी वाया जाते एवढेच ते सांगते. अतिप्रवाह व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

गरजेचा हिशेब कठीण नाही. कोअर आय५-१२४००एफ या प्रोसेसरची मूळ गरज ६५ वॉट लिहिलेली असते, पण पूर्ण भाराखाली ती ११७ वॉटपर्यंत जाते. आरएक्स ६६०० सारखे कार्ड सुमारे १३२ वॉट घेते. बोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांना मिळून साठेक वॉट धरले तर बेरीज सव्वातीनशेच्या आत राहते. क्षणिक वाढीसाठी मोकळी जागा ठेवून चांगल्या प्रतीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस येथे पुरतो. प्रत्येक खेळासाठी साडेसातशे वॉट हवेतच, हा आग्रह बहुधा विक्रेत्याच्या सोयीचा असतो.

जोड कमी पडल्यास रूपांतरक तारा लावण्याचा मोह होतो. साटा जोडातून ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी तार टाळावी. साटाच्या जोडातून १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर म्हणजे ५४ वॉटच मिळू शकतात, तर सहा पिनांचा जोड ७५ वॉट मागू शकतो. असा जोड वितळून आग लागण्याची शक्यता असते.

वीज वारंवार जाणाऱ्या भागांत यूपीएसचाही या हिशेबात समावेश करावा लागतो. ६०० व्हीए क्षमतेचा नेहमीचा यूपीएस साधारणतः ३६० वॉटचाच भार पेलतो, आणि त्यात मॉनिटरही धरावा लागतो. स्वस्त यूपीएसमधून बॅटरीवर असताना निघणारी विजेची लहर शुद्ध नसते. सक्रिय शक्तिगुणक सुधारणा असलेले काही एसएमपीएस अशा वेळी बंद पडतात. घरातील तीन पिनांच्या खोबणीला खरोखर अर्थिंग जोडलेले आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावताच बारीक झिणझिणी येत असेल तर अर्थिंग नसण्याची शक्यता मोठी असते.

साठवण

एम.२ या खाचेत बसणाऱ्या एसएसडी दोन प्रकारच्या असतात, साटा व एनव्हीएमई. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येक खाच दोन्ही स्वीकारते असे नाही. काही बोर्डांवर एम.२ खाच वापरली की साटाचे एक किंवा दोन जोड बंद होतात. नवी एसएसडी बसविल्यावर जुनी हार्ड डिस्क ‘गेली’ असे वाटते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. तार दुसऱ्या जोडाला लावली की ती पुन्हा दिसू लागते.

कॅबिनेट व कूलर

मदरबोर्डची प्रचलित मापे तीन आहेत: एटीएक्स (३०५ × २४४ मिमी), मायक्रो एटीएक्स (२४४ × २४४ मिमी) आणि मिनी आयटीएक्स (१७० × १७० मिमी). मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलट नाही. कमी खर्चात मायक्रो एटीएक्स हाच सहसा योग्य पर्याय असतो. मिनी आयटीएक्स लहान असूनही महाग पडतो. ग्राफिक्स कार्डाची लांबी व कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकातील मर्यादेशी ताडून पाहावी.

जुना कूलर नव्या प्रोसेसरवर वापरताना मापे फसवितात. इंटेलच्या एलजीए ११५x व १२०० या सॉकेटांभोवतीची छिद्रे परस्परांपासून ७५ मिमी अंतरावर होती. एलजीए १७०० मध्ये ती ७८ मिमी झाली. फरक अवघा तीन मिलिमीटरचा, पण जुनी पकड बसत नाही व वेगळी घ्यावी लागते. एएम४ चे बहुतेक कूलर मात्र एएम५ वर चालतात. प्रोसेसरच्या खोक्यात कूलर आहे की नाही, हेही आधी पाहावे. रायझन ५ ७६०० सोबत तो मिळतो, रायझन ५ ७६००एक्स सोबत नाही.

वापरलेले भाग

कार्यालयांतून निघालेले तयार संगणक स्वस्तात मिळतात व त्यांवर ग्राफिक्स कार्ड चढवून काम भागविण्याची पद्धत विद्यार्थ्यांत प्रचलित आहे. अशा संगणकांत एटीएक्स मानक पाळलेले असेलच असे नाही. अनेक मॉडेलांत मदरबोर्डला येणारा विजेचा जोड चोवीसऐवजी सहा किंवा आठ पिनांचा असतो, समोरच्या बटणाचा जोड निराळा असतो आणि एसएमपीएस तीनशे वॉटच्याही खालचा असतो. त्यामुळे एसएमपीएस बदलायचा तर रूपांतरक तार शोधावी लागते, आणि बोर्ड बिघडला तर त्या कॅबिनेटमध्ये दुसरा बसत नाही. अरुंद कॅबिनेट असल्यास ग्राफिक्स कार्डही बुटक्या पट्टीचेच घ्यावे लागते.

जुने झिऑन प्रोसेसर व ‘एक्स९९’ नावाचे नवे चिनी बोर्ड यांचे संच आकर्षक किमतीत विकले जातात. त्यांतील काही बोर्डांवर नावातील चिपसेटऐवजी दुसराच, जुन्या डेस्कटॉप बोर्डातून काढलेला चिपसेट असतो. बायोसच्या नव्या आवृत्त्या आणि दुरुस्ती यांची हमी अशा बोर्डांबाबत धरता येत नाही.

कार्यप्रणालीची अटही आता हार्डवेअरइतकीच महत्त्वाची झाली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर व डीडीआर३ असलेला संगणक लिखाण, टंकन व आंतरजालासाठी अद्याप चालतो, पण त्यावर लिनक्स वापरण्याची तयारी असावी.

एक नमुना जुळणी

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग, लेखन व थोडेफार खेळ यांसाठी संगणक हवा आहे आणि ग्राफिक्स कार्डासाठी सध्या पैसे नाहीत, असे समजू. रायझन ५ ५६००जी, बी५५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, ३२०० वेगाच्या आठ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या, एक एनव्हीएमई एसएसडी व ४५० वॉटचा एसएमपीएस अशी जुळणी तेव्हा करता येते. अंगभूत ग्राफिक्स असल्याने पडदा पहिल्याच दिवशी चालतो. कूलर खोक्यात मिळतो. हा प्रोसेसर बी५५० बोर्डांनंतर आला असल्याने बायोसची आवृत्ती पाहावी लागते. तो पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीपुरताच असल्याने एसएसडीही तिसऱ्या पिढीची पुरते. चौथ्या पिढीच्या एसएसडीचा जादा वेग येथे मिळणार नाही. पुढे ग्राफिक्स कार्ड घेताना चार मार्गिकांचे कार्ड टाळावे व आठ किंवा सोळा मार्गिकांचे घ्यावे. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर बोर्डवर ती जोडणी आहे का ते पाहावे. नसल्यास एचडीएमआयवरून व्हीजीएवर नेणारा रूपांतरक लागतो.

याच पैशांत एएम५ बसत नाही का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एएम५ ला पुढील प्रोसेसरांची आशा अधिक आहे, पण बोर्ड व डीडीआर५ मिळून आरंभीचा खर्च वाढतो. तीन-चार वर्षांत प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल तर तो खर्च सोसावा. संगणक आहे तसाच झिजेपर्यंत वापरणार असल्यास, आणि बहुतेक घरांत तसेच होते, सॉकेटच्या भवितव्यासाठी आज पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पडताळणी व खरेदी

भागांची यादी आधी कागदावर पूर्ण करावी आणि मगच पहिला भाग विकत घ्यावा. सवलत दिसली म्हणून एखादा भाग घेऊन ठेवणे व उरलेले त्याच्याभोवती जुळविणे यात सवलतीपेक्षा अधिक पैसा जातो. पीसीपार्टपिकर सारखी संकेतस्थळे सॉकेट, रॅमचा प्रकार, लांबी-उंची व विजेची बेरीज तपासून देतात. मार्गिकांची संख्या किंवा एम.२ मुळे बंद होणारे जोड अशा तपशिलांसाठी मात्र बोर्डची माहितीपुस्तिकाच वाचावी लागते. ती उत्पादकाच्या संकेतस्थळावरून खरेदीपूर्वीही उतरवून घेता येते.

सर्व भाग आल्यावर ते थेट कॅबिनेटमध्ये न बसविता मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅमची पट्टी व एसएमपीएस एवढेच जोडून संगणक सुरू करून पाहतात. या चाचणीत पडद्यावर बायोस दिसली तर प्रमुख भाग जुळले असे समजतात. इंटेलच्या एलजीए सॉकेटातील पिना बोर्डवर असतात व त्या वाकल्यास हमी लागू होत नाही. म्हणून बोर्ड ताब्यात घेताना विक्रेत्यासमोर झाकण उघडून पिना पाहून घ्याव्यात. वस्तू व सेवा कराचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. भारतात सुट्या भागांची हमी त्या त्या उत्पादकाच्या सेवाकेंद्रात स्वतंत्रपणे मागावी लागते. त्यामुळे एकाच संगणकासाठी चार ठिकाणी जावे लागू शकते, आणि प्रत्येक ठिकाणी ते बिल दाखवावे लागते.